सोनं बॅगेत, बॅग बेल्टवर

नाशिकहून बाहेरगावच्या लग्नाला निघायचं तर पूर्वी माणसं आणि दागिने एकाच गाडीतून जायचे. आता नागपूर, हैदराबाद, बंगळूरकडची लग्नं असली की वऱ्हाडी मंडळींपैकी बरीच ओझरला, नाशिकच्या विमानतळावर, विमानात बसतात आणि दागिने त्यांच्या पर्समध्ये असतात. घरापासून कार्यालयापर्यंतच्या या प्रवासात दागिना मालकिणीच्या हातातून सुटतो तो एकदाच, सुरक्षा तपासणीच्या वेळी. बॅग बेल्टवरून मशीनमध्ये शिरते आणि आपण शेजारच्या चौकटीतून पलीकडे जातो. दोघांची पुन्हा गाठ पडेपर्यंत रिकाम्या वेळी अर्धं मिनिट जातं, गर्दीत पाच-सात मिनिटंही जातात. ही ताटातूट कमीत कमी वेळ चालावी आणि बॅग उघडायची वेळच येऊ नये, एवढ्यासाठी खालचा सगळा खटाटोप आहे. निम्मं काम आदल्या रात्री घरीच होतं.

लॉकरमधून दागिने आणले की आधी फोटो. पांढऱ्या चादरीवर एकेक दागिना ठेवायचा, शेजारी मुलांची पट्टी, वरून एक फोटो आणि फाशाच्या बाजूनं एक. मग भिंगानं हॉलमार्क बघायचा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता (बावीस कॅरेटला २२के९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याशिवाय सराफाला ते विकता येत नाही. हा एचयूआयडी त्या एका नगाचाच असतो, दुसऱ्यावर तो नसतो. लोक तो शुद्धतेसाठी बघतात. माझ्या मते त्याचा खरा उपयोग हरवल्यावर आहे. ‘सोन्याची साखळी, अंदाजे दीड तोळा’ अशा वर्णनाच्या साखळ्या शेकड्यानं असतात, नंबराची एकच असते. बीआयएस केअर ॲपमध्ये हा नंबर टाकला की कोणत्या सराफानं हॉलमार्क करून घेतला तेही कळतं. आजीच्या पाटल्यांवर अर्थातच नंबर नसतो. तिथे वजन, आतली कोरलेली अक्षरं, एखादा चेपलेला भाग अशी खूण लिहून ठेवायची. दोन ग्रॅमच्या आतल्या बारीक नगांनाही हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे मुरणी आणि बाळ्या फोटोवरच ओळखाव्या लागतात.

यादी कागदावर करायची आणि तिचा फोटो घरी राहणाऱ्या कुणाला तरी पाठवायचा. फक्त स्वतःच्या फोनमध्ये यादी ठेवण्यात अर्थ नाही, कारण तपासणीत फोनही त्याच बॅगेत किंवा ट्रेमध्ये असतो. गेलीच बॅग तर यादीही तिच्याबरोबर जाते.

आता बांधाबांध. यात बहुतेक घरं मखमली डब्यांचा हट्ट धरतात आणि तिथेच बॅग उघडण्याची तरतूद होते. त्याचं कारण मशीनच्या पडद्यावर असतं. क्ष-किरण वस्तूतून आरपार जाताना किती अडतात आणि वस्तू कशाची आहे, त्यावरून पडद्यावर रंग उमटतात: कापड, कागद, खाण्याचे पदार्थ नारिंगी, काच आणि ॲल्युमिनियमसारख्या हलक्या गोष्टी हिरवट, लोखंड, तांबं वगैरे धातू निळे. जे किरण जवळपास जाऊच देत नाही ते काळं दिसतं. सोनं सगळ्यात घट्ट धातूंपैकी एक, घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, चांदी साडेदहा. चपलाहाराच्या डब्यावर पाटल्यांचा डबा, त्यावर बाजूबंद, अशी चळत बॅगेत उभी राहिली की पडद्यावर काळा ठोकळा दिसतो. त्याच्या आत किंवा मागे काय आहे ते तपासणाऱ्याला कळत नाही, आणि जे कळत नाही ते उघडून बघणं हेच त्याचं काम. डब्यांच्या बिजागऱ्या आणि स्प्रिंगा त्यात भर घालतात.

म्हणून डबे घरी ठेवायचे. दागिने एका थरात पसरायचे. पारदर्शक झिपच्या पिशव्या, वहीच्या अर्ध्या पानाएवढ्या, चार-पाच पुरतात. एका पिशवीत तीन-चार नग, एकमेकांवर न येता. साखळी गुंतू नये म्हणून स्ट्रॉमधून ओवून फासा लावायचा. मोत्याचा तन्मणी आणि नथ मलमलच्या तुकड्यात, कारण सोन्याच्या कडेनं मोत्याला ओरखडा जातो. (क्ष-किरणांनी मोती पिवळा पडतो, ही समजूत मनातून काढून टाकावी. मोती, हिरा, सोनं, कशालाच काही होत नाही.) प्रत्येक पिशवीत चिठ्ठी, त्यावर फक्त आकडा: ‘४ नग’. नावं लिहायची नाहीत. पिशव्या बॅगेत शेजारी शेजारी आडव्या, वरखाली आल्याच तर मध्ये ओढणीची घडी. अशी बॅग पडद्यावर वाचता येते. पाटल्या पाटल्यांसारख्या दिसतात, हार हारासारखा, आणि बहुतेक वेळा बॅग थांबत नाही.

चांदीचं जरा वेगळं. नाशिकच्या चांदीच्या भांड्यांचं नाव असल्यामुळे आहेरात ताट-वाटी, तांब्या-फुलपात्र, निरांजनं हमखास असतात. तांब्यात फुलपात्र, फुलपात्रात वाट्या असं एकात एक घालून नेलं की पुन्हा तोच काळा गोळा. भांडी सुटी ठेवायची तर जागा खातात आणि वजन वाढतं. हातातल्या बॅगेला साधारण ७ किलोची मर्यादा असते. भांडी थोडी असतील तर हातात न्यावीत. पूर्ण संच असेल तर तो विमानानं नेण्यापेक्षा लग्नाच्या गावीच सराफाकडे घ्यावा हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. देवघरातले टाक मात्र पातळ असतात, ते रुमालात घालून सोन्याच्या शेजारी सहज जातात.

दागिन्यांच्या बॅगेत दुसरं काय नसावं याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. सोन्यामुळे बॅग उघडते त्याहून जास्त वेळा ती सोन्याशेजारच्या फालतू वस्तूमुळे उघडते. लग्नाच्या पिशवीत तर अशा वस्तूंची रेलचेल: रुखवतातला अडकित्ता, पूजेची काडेपेटी, कापराची डबी, कात्री, पिनांचा डबा, बांगड्या घालायला घेतलेलं तेल. काडेपेटी आणि कापूर कुठल्याच सामानातून नेता येत नाहीत. सुकं खोबरंही ज्वलनशील मालात धरलं जातं. कात्री-अडकित्ता मोठ्या बॅगेत, जी काउंटरवर जमा होते. मग पॉवर बँक: ती जमा होणाऱ्या सामानात चालत नाही, हातातच ठेवावी लागते, आणि क्षमता छापलेली नसेल किंवा पुसली असेल तर हमखास अडवली जाते. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॉट-तासांची भरते. ती बॅगेतून बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात, म्हणून ती दागिन्यांच्या बॅगेत असूच नये. लॅपटॉपचंही तसंच. त्यासाठी बॅग उघडायची म्हणजे रांगेतल्या सगळ्यांसमोर उघडायची. लाडवाचा डबाही वेगळा. दाट लाडू पडद्यावर नारिंगी गोळ्यासारखे दिसतात आणि त्यासाठी बॅग बाजूला काढली जाते. दागिन्यांच्या बॅगेत दागिने, रोख, कागद आणि एक ओढणी. बाकी काही नाही.

बॅग कोणती? ट्रॉली नको, हे ओझरच्या प्रवाशांना विशेष सांगावं लागतं. एटीआरसारखं पंख्याचं लहान विमान असलं की डोक्यावरचे कप्पे लहान असतात. ट्रॉली त्यात बसत नाही आणि विमानाच्या पायऱ्यांजवळ कर्मचारी तिला चिठ्ठी लावून खाली सामानाच्या कप्प्यात टाकतात. त्या वेळी मागे रांग असते, कुणी थांबून दागिने काढत बसू शकत नाही. म्हणून दागिने आडव्या पट्ट्याच्या, पुढच्या सीटखाली मावणाऱ्या चपट्या पर्समध्ये ठेवायचे. ट्रॉली हवी तर वेगळी. बायकांना हातातल्या बॅगेखेरीज पर्स नेता येते, तिचा उपयोग यासाठीच करावा. झिप आतल्या बाजूला, अंगाकडे येईल अशी. रंग जरा उठून दिसणारा असला तर बरं. काळ्या पर्स बेल्टच्या टोकाला सात-आठ असतात.

काउंटरवर जमा होणाऱ्या बॅगेत दागिने का नाहीत, याला उत्तर कंपनीच्या अटींत छापलेलं असतं: दागिने, रोख, महत्त्वाची कागदपत्रं त्यात ठेवली आणि गेली तर जबाबदारी नाही. देशांतर्गत प्रवासात हरवलेल्या सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादाही प्रवाशांच्या सनदेप्रमाणे २०,००० रुपये आहे. आजच्या भावात त्यात एक बाळी येईल. घराचा विमा असेल तर त्यात ‘ऑल रिस्क’ प्रकारचं दागिन्यांचं कलम आहे का ते आधी बघावं. ते नसेल तर घराबाहेर गेलेल्या दागिन्याला संरक्षण मिळत नाही.

कागदांबद्दल घरोघरी एक आकडा फिरतो: लग्न झालेल्या बाईला ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीला २५०, पुरुषाला १००. हा विमानाचा नियम नाही. ११ मे १९९४ च्या प्राप्तिकराच्या सूचनेत तो आहे आणि धाडीच्या वेळी एवढं सोनं जप्त करू नये एवढाच त्याचा अर्थ. देशांतर्गत विमानात किती सोनं न्यावं याला मर्यादा नाही. पण खूप सोनं किंवा रोख दिसली तर सुरक्षा कर्मचारी प्राप्तिकर खात्याला कळवू शकतात, आणि आचारसंहितेच्या काळात हे हमखास होतं. तेव्हा बिलाच्या प्रती, जुन्या दागिन्यांसाठी सरकारमान्य मूल्यमापकाचा दाखला, लग्नपत्रिका, असं एका पाकिटात असावं. पत्रिकेनं बरेच प्रश्न तिथल्या तिथे संपतात. सराफ बाजारातला माल घेऊन कुणी जात असेल तर त्याला दुकानाचं चलन आणि ओळखीचं पत्र लागतं. तो वेगळा विषय.

दहाव्या मैलावरून जानोरीकडे वळलं की टर्मिनल आलंच. विमानतळ एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा), इमारत आटोपशीर, त्यामुळे मुंबईसारखी पायपीट नाही. पण लहान विमानतळाची एक गोम असते. विमानं मोजकी, म्हणून एका विमानाचे सगळे प्रवासी एकाच अर्ध्या तासात तपासणीला येऊन उभे राहतात. दागिने बरोबर असतील तर या लाटेच्या आधी जायचं. काउंटर उघडल्या उघडल्या सामान जमा करायचं, चहा नंतर. ‘अजून वेळ आहे’ म्हणून बाहेर बसून राहणारे शेवटी गर्दीत सापडतात.

काउंटरवर बोर्डिंग पास कागदावर मागून घ्यावा. मोबाइलवरचा चालतो, पण मग तपासणीत फोन हातात ठेवावा लागतो, तो दाखवावा लागतो, पुन्हा कुठे तरी ठेवावा लागतो. कागद असला की फोन बंद झिपच्या आत जातो आणि विषय मिटतो.

रांगेत उभं राहण्याआधी एका बाकावर बसून खिसे रिकामे करायचे. घड्याळ, पट्टा, सुटे पैसे, किल्ल्या, हे सगळं दुसऱ्या बॅगेच्या एका कप्प्यात घालून झिप लावायची. ट्रेमध्ये काहीही सुटं टाकायचं नाही. हरवतं ते बहुधा चोरीनं नाही, सुटं टाकल्यानं. ट्रेचा तळ गडद रंगाचा आणि खाचांचा असतो, त्यात बारीक साखळी दिसत नाही. पुढे गुळगुळीत रुळांवर ट्रे एकमेकांवर आदळतात. नथ किंवा कुडी उडून दोन रुळांमधून खाली गेली की ती मिळायला बेल्ट थांबवावा लागतो. मागचे लोक ओरडत असतात, आणि ज्याला विमान पकडायचं तो शेवटी नाद सोडतो.

अंगावरचं सोनं अंगावरच राहू द्यावं. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं काढायला सहसा सांगत नाहीत. चौकट वाजली तर हातातला डिटेक्टर फिरवून, हात लावून बघतात. चौकटीला सोनं-लोखंड असा भेद कळत नाही. वीज वाहणारा कुठलाही धातू तिला पुरतो. बायकांची तपासणी पडद्याआड, बाईच करते. तिथे उगाच बुजायचं कारण नाही. खऱ्या जरीची पैठणी किंवा शालू नेसून प्रवास करू नये. जर, पिना आणि आकडे मिळून डिटेक्टर ठिकठिकाणी वाजतो आणि तेवढा वेळ पर्स पलीकडे बेवारस पडून राहते. साधा सुती पंजाबी ड्रेस, धातूचं बक्कल नसलेली चप्पल. नटणं मुक्कामाला पोहोचल्यावर.

कमरेला कापडी पिशवी बांधून त्यात सोनं नेण्याची जुनी पद्धत एसटीत ठीक होती. इथे ती उलटते. डिटेक्टर कमरेशी वाजतो, पिशवी सोडायला लावतात आणि बरेचदा ‘मशीनमधून घालून आणा’ म्हणतात. म्हणजे आतापर्यंत लपवलेली पोटली आता एकटी, उघडी, ट्रेमध्ये बसून सगळ्यांसमोरून जाते. तरीही बांधायचीच असेल तर पडद्याआड गेल्या गेल्या आपणहून सांगावं. सापडल्यावर सांगण्यात आणि आधी सांगण्यात समोरच्या बाईच्या वागण्यात फरक पडतो.

बॅग कधी टाकायची, यावर बाकी सगळं अवलंबून आहे. बेल्टजवळचा कर्मचारी घाई करत असतो: ‘ट्रे डालिए, आगे बढ़िए.’ त्याचं बरोबर आहे, त्याला रांग हलवायची असते. पण पडद्याबाहेर चार बायका उभ्या असताना आपली पर्स आत गेली तर चार तपासण्यांएवढा वेळ ती पलीकडच्या टोकाला पडून राहणार. म्हणून पर्स खांद्यावर ठेवायची, हातातली दुसरी बॅग आणि लॅपटॉप आधी जाऊ द्यायचे, आणि पडद्यापाशी आपला नंबर पुढचाच आला की पर्स बेल्टवर. कुणी टोकलं तर शांतपणे, ‘यात दागिने आहेत, माझा नंबर आला की लगेच टाकते, मागच्यांना पुढे जाऊ द्या.’ या वाक्याला कुणी हरकत घेतल्याचं मला माहीत नाही. मात्र ‘दागिने’ हा शब्द कर्मचाऱ्याच्या कानाशी जाऊन म्हणायचा, सगळ्या रांगेला ऐकवायचा नाही. पर्स मशीनच्या पट्ट्यांआड जाताना दिसल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

दोघं असतील तर सोपं. एकानं हात हलवत, सामानाशिवाय आधी पलीकडे जायचं आणि बेल्टच्या टोकाशी उभं राहायचं. त्यानं खूण केली की दुसऱ्यानं पर्स सोडायची. पहिला माणूस पुरुष असेल तर बहुधा लवकर सुटतो, पण हे रांगांवर आहे. त्या क्षणी जी रांग छोटी, तिच्यातलं माणूस आधी. पलीकडे गेलेल्यानं पट्टा चढवत किंवा फोन बघत उभं राहायचं नाही. मुंबईच्या विमानतळांवर कुटुंबं इथेच चुकतात: दोघंही एकदम तपासणीत आणि चार बॅगा एकट्या.

घरात चाकाची खुर्ची घेतलेली आजी असेल तर तिच्या मांडीवर दागिन्यांची पर्स ठेवण्याचा मोह होतो. म्हाताऱ्या बाईकडे कोण बघतंय, असा हिशोब. पण खुर्चीची वाट वेगळी असते. मदतनीस तिला बाजूच्या फाटकातून नेतो, पर्स स्वतःच्या हातानं बेल्टवर ठेवतो आणि आजीची तपासणी बसल्या जागी, सावकाश होते. पर्स कुठे गेली हे तिला कळतही नाही. आजीकडे तिच्या पाटल्या आणि औषधं, बस. पेसमेकर असेल तर कार्ड हातात ठेवून तसं सांगावं, म्हणजे डिटेक्टर न फिरवता हातानं तपासतात.

आणि एवढं करूनही बॅग थांबतेच कधी कधी. ट्रे मागच्या किंवा बाजूच्या फळीवर जातो आणि ‘हा बॅग किसका है’ असं विचारतात. मोठ्या विमानतळांवर ट्रे आपोआप परत फिरवणाऱ्या रांगा असतात, तिथे शंकास्पद ट्रे काचेपलीकडच्या दुसऱ्या पट्ट्यावर वळवला जातो. पर्स टोकाला आली नाही तर छातीत धस्स होण्याआधी त्या पट्ट्याकडे नजर टाकावी. अशा ट्रेंवर नंबर असतो. पर्स ठेवताना तो वाचून ठेवला तर नंतर विचारायला सोपं.

उघडण्याआधी बोलायचं. ‘यात दागिने आहेत. आडोशाला, नाही तर वेगळ्या खोलीत बघाल का?’ ही विनंती करता येते आणि बहुधा मानली जाते. झिप आपणच उघडावी. पिशव्या एकेक करून बाहेर, प्रत्येक पिशवी दाखवून लगेच परत आत. सगळ्या एकदम टेबलावर मांडू देऊ नयेत. पिशव्या पारदर्शक असल्यानं बहुतेक वेळा आतला दागिना बाहेर काढावाच लागत नाही, हा त्यांचा दुसरा फायदा. या वेळी शेजारचा प्रवासी काही विचारत असेल, फोन वाजत असेल, तर वाजू द्यावा. तपासून झाल्यावर बॅग बरेचदा दुसऱ्यांदा मशीनमधून घालतात. इथे लोक सैलावतात, झालं म्हणून चपला घालायला जातात. दुसऱ्या फेरीलाही पहिल्याएवढंच टोकाशी उभं राहायचं.

मग बाकावर जायचं. रुळांपाशी मोजणी नाही. पिशव्यांवरचे आकडे आणि कागदावरची यादी जुळली की झालं. तपासणीच्या जागेतून बाहेर पडायच्या आत मोजलं तर उणीव लगेच सांगता येते. विमानात बसल्यावर लक्षात आलं तर तिथून काहीच करता येत नाही.

परदेशी जायचं असेल तर नाशिककरांना सहसा मुंबई गाठावी लागते आणि तिथे तपासणीआधी आणखी एक खिडकी असते, सीमाशुल्काची. लेकीच्या लग्नासाठी अमेरिकेला जडजवाहीर नेऊन परत आणायचं असेल तर जातानाच निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावं. नाही तर परतताना ‘हे तिकडे घेतलं नाही कशावरून’ या प्रश्नाला उत्तर नसतं आणि शुल्काची गोष्ट निघते. दागिने, फोटो आणि मूल्यमापकाचा दाखला घेऊन सामान जमा करण्याआधीच अधिकाऱ्याला भेटायचं, कारण त्यांना दागिने प्रत्यक्ष बघायचे असतात. यात वेळ जातो, म्हणून नाशिकहून दोन तास लवकर निघावं. महामार्गावर कसाऱ्याच्या अलीकडे-पलीकडे जेवायला थांबलात तर पर्स गाडीत ठेवू नये, हे सांगायला नको.

नग कमी भरलाच तर सगळ्यात आधी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवायची. कॅमेऱ्याचं चित्रण शोधायला दुसरं काही एवढं उपयोगी पडत नाही: कितव्या मिनिटाला, कोणत्या मशीनवर, कोणत्या रंगाचा ट्रे किंवा त्याचा नंबर. तपासणीच्या ठिकाणच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला तिथेच गाठायचं आणि ट्रेच्या चळती बघायला सांगायचं, कारण रिकामे समजून उचललेले ट्रे पुन्हा रांगेच्या सुरुवातीला जातात आणि वस्तू तशीच त्यात फिरत राहते. दुसऱ्या प्रवाशानं चुकून सारखी बॅग उचलली असेल तर तो अजून त्याच प्रतीक्षागृहात असतो. विमान सुटेपर्यंतची वेळच काय ती हातात असते. त्यानंतर विमानतळाच्या हरवलं-सापडलं कक्षात लेखी नोंद. सीआयएसएफ (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) ज्या विमानतळांवर आहे तिथल्या सापडलेल्या वस्तूंची यादी त्यांच्या संकेतस्थळावर विमानतळवार मिळते, ती पुढचे काही दिवस बघत राहायची. वस्तू परत घेताना ओळखपत्र, बोर्डिंग पास आणि ती आपलीच असल्याचा पुरावा मागतात, तेव्हा एचयूआयडी आणि फोटो कामाला येतात. बोर्डिंग पास म्हणूनच फाडून टाकायचा नाही.

चोरीचा संशय असेल आणि विमान तर पकडायचंच असेल, तर पोहोचल्या गावी तक्रार देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुणाचीही असली तरी कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवून घ्यावी लागते. तिला झिरो एफआयआर म्हणतात, ती नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होते. तक्रारीत दागिन्याचं वर्णन यादीतून जसंच्या तसं उतरवायचं आणि प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून निघायचं नाही. विमा असेल तर कंपनी आधी ती प्रतच मागते.